भट्टी उत्तरेत, गल्ला दक्षिणेत

त्या गल्लीत शाळेची बस शिरली की एका अंगावर कलायची, आणि आतली तीस-पस्तीस मुलं खिडकीकडे घसरत एकसुरात "ओऽऽऽ" करायची. बस चालवणारी बाई मागे न बघता म्हणायची, "आधी दप्तरं धरा, दात नंतर काढा." हे रोजचंच होतं. सकाळी सव्वासातला एकदा, आणि दुपारी परतताना दुसऱ्या अंगावर आणखी एकदा.

कलण्याचं कारण रस्त्यातच होतं. गल्लीच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चार बोटं उंचीची पायरी होती. एक, तीन, पाच अशा आकड्यांच्या घरांसमोरचा अर्धा रस्ता काळाभोर, गुळगुळीत. दोन, चार, सहावाल्यांचा अर्धा उखणलेला आणि चार बोटं खाली. विधानसभेच्या दोन मतदारसंघांची हद्द नेमकी गल्लीच्या मध्यावरून जात होती. दक्षिणेच्या आमदारांनी मागच्या निवडणुकीच्या तोंडावर आपल्या हद्दीपुरतं डांबर टाकलं आणि फोटो काढून घेतला. उत्तरेच्या आमदारांनी आपल्या अर्ध्याचं "पुढच्या टप्प्यात बघू" असं सांगितलं. तो टप्पा अजून उजाडायचा होता.

बस चालवणाऱ्या बाईला सगळे बसताई म्हणत. बावीस वर्षं ती शाळेची बस चालवत होती. खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर आणि मतदारयादीत तेवढं उरलं होतं. ती राहायची सतरा नंबरला, म्हणजे दक्षिणेत. समोरच्या कोपऱ्यावर, बावीस नंबरला, तिच्या नणंदेची बेकरी होती, म्हणजे उत्तरेत. दोघींच्या दारांमध्ये पंधरा पावलांचं अंतर, पण आमदार वेगळा, मतदान केंद्र वेगळं आणि मतं तर त्याहून वेगळी.

नवरा गेल्यापासून नणंद एकटीनं बेकरी चालवत होती. उंच, धिप्पाड बाई; आवाज असा, की पाव तयार झाल्याचं तिनं सांगितलं की तीन गल्ल्यांना कळे. उत्तरेच्या आमदारांना ती "साहेब" म्हणायची आणि वीस वर्षं दर निवडणुकीत मतदान केंद्रावर त्यांची प्रतिनिधी म्हणून यादी घेऊन बसायची. बसताईला ते साहेब काडीचे आवडत नसत. या दोघींच्या मध्ये बसताईचा नवरा. नणंदेचा तो धाकटा भाऊ, धंद्यानं सुतार. दोघी राजकारणावर बोलू लागल्या की तो रंधा घेऊन मागच्या खोलीत जाई. नुसत्या त्यांच्या वादांतून घरात तीन कपाटं तयार झाली, असं तो म्हणायचा.

बसताईनं रस्त्यासाठी खटपट केली नव्हती असं नाही. ती उत्तरेच्या आमदारांच्या कचेरीत गेली होती. तिथल्या कारकुनानं विचारलं, "तुमचं मत कुठे?"

"दक्षिणेत."

"मग दक्षिणेत जा की बाई."

दक्षिणेत गेली, तर तिथला कारकून म्हणाला, "तुमचा अर्धा तर झालाय. बिघडलेला अर्धा आमचा नाही."

"पण गाडी अर्ध्या रस्त्यावरून चालत नाही हो," बसताई म्हणाली. कारकुनानं मान डोलावली. पटलं त्याला, पण करणार काय.

एका सकाळी शाळेच्या फाटकात मुलं उतरत असताना तिची नजर सूचनाफलकावर गेली. मतदारसंघांच्या सीमा नव्यानं आखण्यासाठी समिती नेमली आहे, नगरभवनात पुढच्या गुरुवारी अकरा वाजता सुनावणी होईल, ज्यांना हरकती किंवा सूचना मांडायच्या असतील त्यांनी लेखी अर्ज द्यावा. बसताईनं ते दोनदा वाचलं. आजवर आपण आमदारांना रस्ता मागत बसलो, हद्दच हलवायला कुणाला तरी सांगता येतं हे डोक्यातच आलं नव्हतं.

अर्ज तिनं स्वतःच लिहिला. बसमध्ये, मुलांना सोडल्यावर, स्टिअरिंगवर वही टेकवून. नवऱ्यानं वाचला आणि फक्त एवढंच म्हणाला, "पायरीची उंची चार बोटं नको लिहूस. बोटं सगळ्यांची सारखी नसतात." मग तो फूटपट्टी घेऊन रस्त्यावर उकिडवा बसला आणि दहा ठिकाणी माप घेऊन आला. साडेसात सेंटीमीटर. सुताराचं माप, त्यात कुणी खोट काढली नसती.

सह्या गोळा करताना मात्र मजा झाली. एकवीस नंबरच्या निवृत्त गणितमास्तरांनी अर्जातली शुद्धलेखनाच्या अकरा चुकांची यादी काढली आणि मगच सही केली. चौदाच्या शिंपीणबाई म्हणाल्या, "एकत्र करा नाहीतर चार तुकडे करा, माझ्या गिऱ्हाइकांचे पाय मुरगळायचे थांबले म्हणजे झालं." दोन दिवसांत बहुतेक सगळी गल्ली झाली. राहिली बावीस नंबर.

नणंद गल्ल्यामागे उभी राहून बिस्किटं मोजत होती. अर्ज तिनं हातही न लावता वाचला.

"गल्ली एका मतदारसंघात टाकायची म्हणतेस. म्हणजे तुझ्या दक्षिणेत."

"कुठेही टाका, वन्स. एका जागी टाका."

"कुठेही कशी? दक्षिणेकडे शहर, गल्लीत तुमच्या बाजूची घरं जास्त. सगळे तिकडेच जाणार. आणि मी वीस वर्षं साहेबांची माणसं जोडली, ती काय तुझ्या बसच्या खाली घालू?"

"साहेबांनी तुमच्या दारातला रस्ता केला का?"

"करतील. त्यांच्यामागे कामं काय कमी आहेत?" नणंदेनं बिस्किटांचा पुडा असा बांधला की दोरी तुटली. "मी सही करणार नाही. उलट गुरुवारी येऊन विरोध करणार आहे. सांगून ठेवते, मागाहून म्हणू नकोस."

"या की. बसनंच जाऊ, जागा धरते तुमच्यासाठी," बसताई म्हणाली. आणि खरंच, गुरुवारी दोघी एकाच बसनं गेल्या. शाळेनं तिला दोन तासांची सवड दिली होती, फक्त बस दुपारी वेळेवर परत हवी होती. मागच्या बाकांवर गल्लीतली वीसेक माणसं. नणंद पहिल्या बाकावर, मांडीवर पर्स घट्ट धरून.

नगरभवनातल्या सभागृहात समितीचे तिघे बसले होते. मधल्या अध्यक्षीणबाई निवृत्त न्यायाधीश होत्या. बारीक चणीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एका बाजूला आकडेवारीचे एक प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला नकाशांचे अधिकारी. भिंतीवर अख्ख्या जिल्ह्याचा नकाशा होता, आणि त्यावर हद्दीची तांबडी रेघ.

बसताईचं नाव पुकारलं. तीस-पस्तीस मुलांच्या गोंगाटात घाटातून बस उतरवणारी बाई ती, पण माईक कधी हातात धरला नव्हता. तिनं अर्ज वाचला. सेंटीमीटरचा आकडा वाचला. मग कागद खाली ठेवून म्हणाली, "साहेब, बाई, आमच्या गल्लीत साडेचारशे मतं आहेत. पण दोन्ही आमदारांच्या हिशेबी आम्ही दोनशे-सव्वादोनशे, तीही शेवटच्या टोकाची. म्हणून आमच्याकडे कुणी येत नाही. गाडी मागे वळवायला मोठी गल्ली लागते असं म्हणतात." मागे थोडं हसू फुटलं. ती खाली बसली.

नकाशांचे अधिकारी म्हणाले, "हद्द नैसर्गिक खुणेवरून आहे. तिथे ओढा आहे. ओढे, नद्या, टेकड्या यांवरून हद्द आखायची असा संकेत आहे."

"हरकतीला कुणाचा विरोध आहे का?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

नणंद उठली. माईकची तिला गरज नव्हती.

"माझा आहे. मी बावीस नंबरची बेकरीवाली. ही जी आत्ता बोलली ती माझी भावजय, पण म्हणून मी गप्प बसणार नाही. आमचं सगळं व्यवस्थित चाललंय. बदल कशाला हवा? आमचे साहेब कामाचे आहेत. आता हे ओढ्याचं म्हणाल, तर ओढा चाळीस वर्षांपूर्वीच बुजवला. त्याच्यावरच गल्ली झाली. ओढा कोपऱ्यावर वळायचा, तिथे आता माझी भट्टी आहे."

अध्यक्षीणबाईंनी चष्मा वर सरकवला. "थांबा. ओढा तुमच्या भट्टीखाली आहे?"

"भट्टीच्या जरा अलीकडून. दुकानातून तिरपा जातो. म्हणजे जायचा. म्हणून भट्टी उत्तरेत येते आणि गल्ला दक्षिणेत. पण त्यानं काही बिघडत नाही," नणंद जोरात म्हणाली. "मी झोपते भट्टीच्या वरच्या खोलीत, म्हणून माझं मत उत्तरेत. आता विजेची जोडणी वाढवून हवी होती, तर साहेबांनी शिफारसपत्र दिलं, लगेच दिलं. ते पत्र परत आलं, कारण मीटर गल्ल्याजवळ, आणि गल्ला दक्षिणेत. मग दक्षिणेच्या आमदारांकडे गेले, तर ते म्हणाले, मालकीणबाई तर उत्तरेच्या मतदार. असं दोन वर्षं चाललं. पण साहेबांचा त्यात काय दोष? त्यांनी तर पत्र..."

इथे ती थांबली. आपण जे बोललो ते तिला बहुधा आत्ता पहिल्यांदा ऐकू आलं असावं. तिनं बसताईकडे पाहिलं. बसताईनं नजर छताला लावली होती. हसू दाबायला दुसरी जागा नव्हती.

"...तर असं आहे," नणंद पुटपुटली. "माझा विरोध लिहून घ्या." आणि बसली.

अध्यक्षीणबाई नकाशांच्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "मला हा ओढा बघायचाय."

"मॅडम, आज गाडी दुपारनंतर आहे."

"बस आहे," बसताई म्हणाली. "खाली उभी आहे."

असे समितीचे तिघे शाळेच्या बसमध्ये, मुलांच्या उंचीच्या बाकांवर, गुडघे छातीशी घेऊन बसले. प्राध्यापकांनी विचारलं, "पट्टे आहेत का?" "आहेत, पण तुम्हाला पुरायचे नाहीत," बसताईनं आरशातून सांगितलं. गल्लीच्या तोंडाशी तिनं गती कमी केली आणि म्हणाली, "आता समोरची दांडी धरा." अधिकाऱ्यांना ते आपल्याला उद्देशून आहे असं वाटलं नाही. बस कलली, आणि नकाशांची गुंडाळी, तिच्यापाठोपाठ अधिकारी, त्यांच्यापाठोपाठ प्राध्यापक खिडकीकडे गेले. अध्यक्षीणबाईंनी दांडी धरलेली होती. मागून गणितमास्तर आणि शिंपीणबाईंनी, वयाचा मान न राखता, मुलांसारखाच सूर धरला. आणि पहिल्या बाकावर बसलेली नणंद, जी सकाळपासून तोंड फुगवून होती, ती खो खो हसत सुटली. तिचं हसू एकदा सुरू झालं की थांबायचं नाव घेत नसे. बस बेकरीसमोर थांबली तरी ती डोळे पुसत होती.

बेकरीत अधिकाऱ्यांनी नकाशा पिठाच्या टेबलावर पसरला आणि रेघ शोधली. बसताईच्या नवऱ्यानं खडूनं ती फरशीवर उतरवली. रेघ दारातून आत आली, गल्ला एका बाजूला टाकून तिरपी गेली, पिठाच्या टेबलाचे दोन पाय इकडे, दोन तिकडे ठेवले आणि मागच्या भिंतीतून बाहेर पडली. अध्यक्षीणबाई रेघेवर एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून उभ्या राहिल्या. हातात नणंदेनं दिलेला गरम बन.

"हा भाजला उत्तरेत," त्या म्हणाल्या, "आणि विकला जातो दक्षिणेत."

"तुम्हाला विकत नाही दिलेला," नणंद म्हणाली. "आणि विरोध अजून आहे माझा. जरा कमी आहे इतकंच."

निकाल यायला चार महिने लागले. राजपत्राचं पान गणितमास्तर घेऊन आले आणि बेकरीसमोर उभं राहून त्यांनी वाचून दाखवलं. अख्खी गल्ली, दोन्ही बाजूंची घरं आणि बेकरी, भट्टीसकट आणि गल्ल्यासकट, एकाच मतदारसंघात घातली होती. उत्तरेत.

दक्षिणेची लोकसंख्या आधीच जास्त झाली होती, म्हणून गल्ली इकडे टाकली, असं कारण खाली दिलं होतं. म्हणजे बसताईनं अर्ज लिहिला, वणवण केली, आणि आता तिचे आमदार कोण, तर नणंदेचे साहेब.

नणंदेनं पान मास्तरांच्या हातून घेऊन पुन्हा वाचलं, आणि भावजयीकडे बघताना तिचा चेहरा असा झाला, की जिंकल्याचा आनंद दाखवावा की लपवावा हे तिला कळेना. "तुला वाईट नाही ना वाटलं?" तिनं विचारलं, चक्क हळू आवाजात.

"कुठेही टाका म्हटलं होतं ना मी," बसताई म्हणाली. आणि तिचं तिलाच नवल वाटलं, कारण खरोखरच छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं होतं. "आता बघाच वन्स. इतकी वर्षं मी तुमच्या साहेबांना पाडायचं म्हणत होते, पण मतच नव्हतं मला. आता आहे."

पुढच्या वसंतात निवडणूक आली, आणि कधी नव्हे ते दोन्ही उमेदवार गल्लीत आले. साडेचारशे मतं एका गठ्ठ्यानं म्हटल्यावर गाडी मागे वळवायला जागा आहे की नाही हे कुणी विचारलं नाही. एका बाजूनं साहेब; दुसऱ्या बाजूनं त्यांच्याविरुद्ध पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या एक पशुवैद्य बाई, रबरी बूट घालूनच आलेल्या. एकाच रविवारी सकाळी दोघांना बोलवायचं ही कल्पना नणंदेची. "समोरासमोर बोलू देत. मला तरी कळू दे साहेबांकडे उत्तर आहे का."

लोक रस्त्याच्या पायरीवरच ओळीनं बसले. बसायला तिच्याइतकी लांब पायरी गावात नव्हती. पशुवैद्य बाई निवडून आल्यावर काय काय करणार ते सांगू लागल्या, आणि चांगलं सांगत होत्या. मग साहेब उठले. त्यांनी "पुढच्या टप्प्यात" एवढं म्हटलं, आणि मागून एक आवाज आला, तीन गल्ल्यांना ऐकू जाणारा.

"साहेब, टप्पा कितवा ते सांगा. तारीख सांगा."

साहेबांनी वळून पाहिलं. वीस वर्षं ज्या बाईच्या भरवशावर ते हे केंद्र सोडून इतरत्र फिरायचे, ती कमरेवर हात ठेवून उभी होती. साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं, बरोबरच्या माणसाशी कुजबुजले आणि तारीख सांगितली. नुसती सांगितली नाही. मास्तरांनी पुढे केलेल्या वहीत लिहून खाली सहीही केली. आणि ती त्यांनी पाळली. मतदानाच्या आधी बारा दिवस रोलर आला आणि दोन दिवसांत गल्ली सपाट झाली. बसमधली मुलं तेवढी आठवडाभर रुसून होती.

मतदानाच्या दिवशी केंद्र वाचनालयात होतं. गल्ली एकत्र निघाली. समोरासमोर तीस-तीस वर्षं राहिलेली माणसं पहिल्यांदाच एका रांगेत उभी होती, आणि रांग पुढे सरकायची कुणाला घाई नव्हती. शिंपीणबाईंना गणितमास्तरांचं मत कुणाला जाणार हे काढून घ्यायचं होतं. मास्तर त्यांना संभाव्यतेचा धडा देत होते. बसताईच्या नवऱ्यानं त्या दिवशी पहिल्यांदा बायको आणि बहीण यांच्या बरोबर मध्ये उभं राहून दोघींचं भांडण शेवटपर्यंत ऐकलं, आणि मध्येच म्हणाला, "कपाट नको आता, जागा नाही घरात." नणंद या वेळी यादी घेऊन आत बसली नव्हती. "एकदा नुसतं मतदार म्हणून उभं राहून बघते," असं ती म्हणाली होती. बोटाला शाई लावून बाहेर आल्यावर तिनं बसताईला विचारलं, "कुणाला दिलंस?"

"गुप्त असतं ते."

"मला माहीत आहे कुणाला दिलंस."

"मग विचारता कशाला?"

साहेब निवडून आले, पण जेमतेम. पशुवैद्य बाईंनी त्यांना शेवटच्या फेरीपर्यंत घाम फोडला. आणि गल्लीतल्या मतांचे जवळजवळ सारखे दोन भाग झाले होते. पायरी नसली तरी. नणंदेनं दोन ट्रे बन काढले आणि हरलेल्यांनाही तितकेच वाटले. पशुवैद्य बाई स्वतः येऊन दोन खाऊन गेल्या आणि पाच वर्षांनी परत येईन म्हणाल्या.

महिन्याभरानं साहेबांनी बेकरीत बसून लोकांच्या तक्रारी ऐकायला सुरुवात केली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, चार ते सहा. ही अट कुणी घातली ते सांगायला नको. पहिल्या सोमवारी बसताई शाळेची फेरी संपवून आली, बस बाहेर उभी केली आणि किल्ली खिशात टाकत पिठाच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, आधीच सांगते," ती म्हणाली. "मी तुम्हाला मत दिलेलं नाही. पुढच्या वेळीही देईन असं वाटत नाही. पण आता आमदार तुम्ही माझेच, म्हणून आलेय."

साहेब हसले; फोटोतलं हसू नव्हे, जरासं ओशाळं आणि म्हणून बरं दिसणारं. त्यांनी पेनचं टोपण काढलं.

"बोला."

नणंदेनं भट्टीजवळची खुर्ची उचलून आणली, पदरानं पीठ झटकलं आणि भावजयीपुढे ठेवली. "बसून सांग गं," ती म्हणाली. "हिची यादी मोठी असते, साहेब. दुसरा कागद जवळ ठेवा."

बसताई बसली, आणि शाळेच्या फाटकासमोरच्या वळणापासून सुरुवात केली.